स्वमग्न मूल घरात असताना: ओळख, संवाद, गर्दी आणि पुढची वर्षे

दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तिकडे ओढत नेते आणि खेळण्यातली गाडी उलटी धरून तिचे एकच चाक बराच वेळ फिरवत बसते, तेव्हा घरात सहसा दोन गोष्टी होतात. वडीलधारी माणसे "मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता" असे म्हणून धीर देतात आणि आई-बाबा रात्री जागून मोबाइलवर शोधाशोध करतात. दोन्हींतून हाती फारसे काही लागत नाही. स्वमग्नता, म्हणजे दवाखान्यात आणि शाळेत ज्याला ऑटिझम म्हणतात, ती कशी ओळखावी, निदानासाठी कुठे जावे, घरात आणि घराबाहेर नेमके काय करावे, याची क्रमवार माहिती पालकांना, आजी-आजोबांना, शिक्षकांना आणि शेजाऱ्यांना व्हावी म्हणून हे लिहिले आहे. यातले सगळे उपाय एका सूत्रावर उभे आहेत, ते आधीच सांगून ठेवलेले बरे: मुलाचे वागणे बदलायला जाण्याआधी त्या वागण्याचे कारण शोधावे. ते कारण बहुतेक वेळा आसपासच्या आवाजात, उजेडात, घाईत, दुखण्यात किंवा न कळलेल्या एखाद्या वाक्यात सापडते.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्याची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे बराच काळ मानले गेले. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्या एकाच निदानाखाली येतात. निदान करताना दोन बाजू पाहतात. पहिली म्हणजे इतरांशी होणारी देवाणघेवाण: नजर, हावभाव, संभाषण, मैत्री. दुसरी म्हणजे त्याच त्या हालचाली, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयातला पराकोटीचा रस आणि आवाज, स्पर्श, वास यांना मिळणारा फार तीव्र किंवा फार मंद प्रतिसाद. एखाद्या मुलाला एकही शब्द बोलता येत नाही, तर दुसऱ्याला लोकल गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ असते आणि तरीही मधल्या सुट्टीत कोणाशी काय बोलावे ते सुचत नाही. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, अनेकांना नसते. मुलींमध्ये ही लक्षणे पुष्कळदा झाकली जातात, कारण त्या इतर मुलींचे पाहून तसे वागायला शिकतात. शाळेत दिवसभर शांत असणारी मुलगी घरी येऊन दप्तर फेकते आणि तासभर रडते, तेव्हा तिला लाडावलेली म्हणण्याआधी याचा विचार करावा.

आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, ही समजूत १९५० आणि ६० च्या दशकांत डॉक्टरांमध्येही रुजलेली होती. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये ती खोडून काढली, आणि १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांच्या जुळ्या मुलांवरील अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा समोर आला. आपल्याकडे तोच आरोप अजूनही नव्या वेषात चालू आहे: आई नोकरी करते, घरात बोलायला दुसरे मूल नाही, मोबाइल हातात दिला. पडद्यासमोरचा वेळ कमी करणे कोणत्याही लहान मुलाच्या भल्याचेच आहे, पण मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही, आणि सासरच्या माणसांनी तो ठपका सुनेवर ठेवल्याने मुलाला काडीचाही फायदा होत नाही. लसीकरणाचेही तसेच. गोवराच्या लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा ब्रिटनमधला शोधनिबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. मुलाच्या राहिलेल्या लसी वेळेवर द्याव्यात.

निदान आणि कागदपत्रे

एका लक्षणावरून काहीही ठरत नाही. तरीही वर्षाचे होऊनही मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नसेल, आवडलेली वस्तू इतरांना दाखवायला आणत नसेल, तर थांबू नये. येत असलेले शब्द अचानक गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ वीस प्रश्नांची एक चाळणी-प्रश्नावली वापरतात. तिच्यावरून निदान होत नाही, पुढच्या तपासणीची गरज आहे की नाही एवढे कळते. त्याआधी किंवा त्याबरोबरच श्रवणतपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणी श्रवण आणि वाचा या दोन्हींची तपासणी होते.

स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा एमआरआयने होत नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मुलाला खेळताना पाहतात आणि पालकांशी सविस्तर बोलतात; पाच मिनिटांत निदान हातात ठेवणाऱ्याकडून दुसरे मत घेतलेलेच बरे. मोठ्या शहराबाहेर राहणाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांची तपासणी होते आणि शंका आलेली मुले या केंद्रांकडे पाठवली जातात. मुंबईत उमीद बालविकास केंद्र आणि पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे हे काम करत आहेत. भेटीला जाताना मुलाचे घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्यावेत: जेवतानाचा, एकट्याने खेळतानाचा आणि पाहुणे आलेले असतानाचा. अनोळखी खोलीत मूल वेगळेच वागते, त्यामुळे हे व्हिडिओ फार उपयोगी पडतात. निदानाच्या तारखेसाठी काही महिने थांबावे लागले, तरी वाचा-उपचार आणि घरातले बदल त्याच्यासाठी अडवून ठेवू नयेत.

निदानानंतर बरेच पालक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला बिचकतात. मुलावर शिक्का बसेल ही भीती समजण्यासारखी आहे, पण ते दाखवायचे कुठे हे आपल्या हातात राहते आणि नसल्यामुळे अडते ते मात्र ऐन वेळी अडते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नोंदवलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण असतात आणि सत्तरपासून पुढे स्वमग्नता धरली जाते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची नोंद लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरावा, मग रुग्णालयातून तपासणीची तारीख मिळते. त्या दिवशी पाणी, खाऊ, कान झाकायचे हेडफोन आणि मुलाचे आवडते खेळणे बरोबर असावे. दोघे मोठे गेले, तर एकाने रांगेत थांबावे आणि दुसऱ्याने मुलाला बाहेर मोकळ्यावर ठेवावे. प्रमाणपत्र हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्यविम्यासाठी नोंदणी करावी. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि आधी वैद्यकीय तपासणी द्यावी लागत नाही.

बोलणे, न बोलणे आणि उलटे बोलणे

तीन-चार वर्षांचे मूल तहान लागली की स्वयंपाकघरात येऊन "पाणी हवं का?" असे विचारते. ऐकणाऱ्याला वाटते की ते आपल्याला विचारते आहे, आणि गंमत म्हणून कोणी "नको" म्हणाले की ते रडायला लागते. प्रत्यक्षात त्याने ते वाक्य पाण्याच्या पेल्यासह, जसेच्या तसे उचललेले असते: आई हे म्हणते आणि पाणी येते. "तुला भूक लागली" म्हणजे "मला भूक लागली" हेही त्यातलेच. पूर्वी अशा पुनरुच्चाराला निरर्थक समजून तो बंद पाडायचा प्रयत्न होत असे. अमेरिकी वाचातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की त्याला हेतू असतो, मागणीचा, नकाराचा, स्वतःला धीर देण्याचा. म्हणून "असं नाही बोलायचं" असे टोकू नये. पाणी लगेच द्यावे आणि देताना मुलाच्या तोंडी शोभेल असे वाक्य आपण म्हणावे: "मला पाणी हवं." प्रश्न कमी आणि अशी तयार वाक्ये जास्त, हे प्रमाण ठेवले, तर मूल जे उचलेल ते त्याच्या उपयोगी पडेल. कार्टूनमधले एखादे वाक्य ते संदर्भ सोडून म्हणत असेल, तर ते पहिल्यांदा कुठे ऐकले आणि तेव्हा काय घडत होते हे आठवून पाहावे. पडल्यावर डॉक्टरकडे ऐकलेले "चला, झालं!" हे वाक्य ते पुढे प्रत्येक भीतीच्या वेळी वापरत असण्याची शक्यता असते.

बोलणे येतच नसेल, तर चित्रे द्यावीत. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचा कंटाळा करेल, ही भीती निराधार आहे. संशोधनात उलट असे दिसते की चित्रांमुळे बोलणे अडत नाही आणि काही मुलांमध्ये ते वाढते. सुरुवात घरच्याच वस्तूंच्या फोटोंपासून करावी: त्याचाच पेला, त्याचीच चादर, त्याच्याच इमारतीतली लिफ्ट. आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे चित्रसंवादाचे ॲप विनामूल्य आहे आणि ते मराठीतही वापरता येते. चेन्नईत तयार झालेले आवाझ हेही पालकांच्या परिचयाचे आहे. एक पथ्य मात्र पाळावे. चित्र दाखवून मुलाने "नको" म्हटले, तर शक्य असेल तिथे तो नकार मानावा. ज्या मुलाचा नकार चालतच नाही, ते बोचकारून नकार सांगायला शिकते.

इंग्रजी माध्यमाच्या हट्टापायी अनेक घरांत या मुलांशी मराठी बोलणे बंद केले जाते, आणि "एकच भाषा ठेवा" असा सल्ला देणारेही भेटतात. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी लांबते असा पुरावा नाही. याउलट आजी-आजोबांना नीट न येणाऱ्या भाषेत तुटक बोलायला लावले, तर मुलाच्या कानावर पडणारे बोलणेच कमी होते आणि जे पडते त्यातला ओलावा जातो. ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने तीच बोलावी.

सूचना देताना वाक्य लहान असावे, आणि काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे. "पळू नकोस" म्हटले की मुलाच्या कानी "पळ" एवढेच राहते. "हळू चाल" म्हणणे सोपे. एक सूचना दिली की मनात दहापर्यंत अंक मोजावेत आणि मधल्या काळात तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देऊ नये, कारण मुलाला दुसऱ्या वाक्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. आपली मराठी वाक्प्रचारांनी भरलेली आहे आणि ही मुले शब्दशः अर्थ घेतात. "डोकं खाऊ नकोस" म्हटल्यावर घाबरलेली किंवा "पाच मिनिटांत निघू" म्हटल्यावर घड्याळाकडे बघत सहाव्या मिनिटाला रडू लागलेली मुले हट्टी नसतात. त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. "आत्याचा फोन संपला की निघू" असे सांगितलेले त्यांना पेलते. आणि "इकडे माझ्याकडे बघून बोल" हा आग्रह सोडून द्यावा. नजर मिळवणे काहींना इतके जड जाते की ती मिळवताना ऐकणे सुटते. मान खाली घालून ऐकणाऱ्या मुलाने पुष्कळदा सगळे ऐकलेले असते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडले की समजून घेण्यातली ही अडचण दोन्ही बाजूंची असते: स्वमग्न माणसाला इतरांचे कळत नाही तितकेच इतरांनाही त्याचे कळत नाही, फक्त जबाबदारी एकट्याच्या गळ्यात घातली जाते. घरातल्या मोठ्यांनी एवढे मान्य केले, तरी निम्मे वाद मिटतात.

आवाज, स्पर्श, गर्दी

कुकरची शिट्टी, मिक्सर, मॉलच्या स्वच्छतागृहातला हात वाळवण्याचा पंखा, फुटणारा फुगा, शर्टाच्या मानेशी असलेले लेबल, ट्यूबलाइटची थरथर, भाजीत दाताखाली आलेली मोहरी. आपल्याला ज्यांची दखलही नसते, अशा गोष्टी काही मुलांना प्रत्यक्ष वेदना देतात. दुसऱ्या बाजूला काही मुलांना पुरेसे जाणवतच नाही, म्हणून ती गोल फिरतात, सोफ्यावरून उड्या मारतात, अंगावर जाड गादी ओढून घेतात. हात फडफडवणे, डोलणे, गुणगुणणे यांतून शरीर स्वतःला सावरत असते. त्यातून इजा होत नसेल, तर ते थांबवू नये, मग समोर पाहुणे असोत की सोसायटीचे चेअरमन.

केस कापण्याचे उदाहरण घेऊ, कारण या एका कामाने कित्येक घरांना रडकुंडीला आणले आहे. सलूनमध्ये अनोळखी हात डोक्याला लागतो, मानेशी घट्ट कापड बांधले जाते, तोंडावर पाण्याचा फवारा उडतो, कानाजवळ मशीन गुरगुरते आणि बारीक केस मानेवर टोचत राहतात; हे सगळे एकदम. म्हणून ते सुटे करावे. दुपारच्या रिकाम्या वेळी नुसते जाऊन खुर्चीत बसून यावे. खुर्चीचा, कारागिराचा आणि कात्रीचा फोटो काढून घरी रोज दाखवावा. मशीनऐवजी कात्री, सलूनच्या कापडाऐवजी घरचा टॉवेल आणि फवाऱ्याऐवजी ओला हात, एवढे कारागिराला आधीच सांगून ठेवावे; दोन शब्द नीट बोलले की बहुतेक कारागीर आनंदाने ऐकतात. कापताना "आता दहा वेळा कात्री, मग थांबायचं" असे सांगून मोठ्याने मोजावे आणि दहाला खरोखर थांबावे. राहिलेले केस दुसऱ्या दिवशी कापले, तरी आभाळ कोसळत नाही. घरी आल्यावर लगेच आंघोळ. हीच पद्धत दंतवैद्य, नखे, नवे बूट आणि रक्ततपासणीला लागू पडते.

गणेशोत्सव या मुलांच्या घरांसाठी वर्षातला सर्वांत अवघड काळ असतो. ढोल-ताशा छातीत घुमतो, स्पीकरच्या भिंती तर मोठ्यांनाही सोसत नाहीत, घरात दहा नातेवाईक, रोजची खोली बदललेली, जेवणाची वेळ गेलेली. मुलाला उत्सवातून वगळायचे कारण नाही, पण तयारी महिनाभर आधी सुरू करावी. मागच्या वर्षीचे फोटो दाखवावेत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मूर्ती येण्याचा आणि विसर्जनाचा दिवस रंगवावा, मंडळाकडून मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ विचारून घ्यावी. घरातली एक खोली पाहुण्यांसाठी बंद ठेवावी आणि तिथे कधीही जाता येईल हे मुलाला दाखवून ठेवावे. आरतीला झांज लागेल तेव्हा त्याने दारापाशी उभे राहावे. त्याला दूर्वा निवडायचे किंवा नैवेद्याचे ताट पुसायचे काम द्यावे. मोठ्यांच्या पाया पडण्याची आणि पापा देण्याची सक्ती नको. नातेवाइकांना हे आदल्या दिवशी फोनवरच सांगावे, म्हणजे भर पंगतीत "कान काय झाकतोय, नाटकं नुसती" हे ऐकावे लागत नाही. सोसायटीच्या समितीला फटाक्यांची आणि कार्यक्रमांची वेळ लेखी कळवायला सांगावे. वेळ माहीत असली की मुलाला तेवढ्यापुरते बाहेर नेता येते.

एवढे करूनही कधीतरी बांध फुटतो. हट्ट आणि उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल मधूनच समोरच्याकडे बघते आणि हवे ते मिळाले की थांबते. उद्रेकात मुलाचा स्वतःवरचा ताबा गेलेला असतो. मागितलेली वस्तू हातात दिली, तरी तो ओसरत नाही. अशा वेळी बोलणे जवळजवळ बंद करावे, बघ्यांना बाजूला करावे, दिवे आणि आवाज कमी करावेत, टोकदार वस्तू हलवाव्यात आणि थोड्या अंतरावर बसून राहावे. धोका असल्याखेरीज धरून ठेवू नये. "काय झालं, सांग ना" हा प्रश्न नको. काही मुले ओरडण्याऐवजी पूर्ण मिटून जातात, हलत नाहीत, उत्तर देत नाहीत. त्यांनाही हीच शांतता लागते. नंतर मूल थकते, झोपते. त्या वेळी उपदेश करू नये. आपण मात्र वहीत लिहून ठेवावे: आधी काय घडत होते, कुठे, किती वाजता, पोटात काय गेले होते, नंतर काय झाले. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की बहुधा एखादे कारण वर येते, जसे मंगळवारी पाण्याचा पंप चालतो किंवा त्याच दिवशी शाळेत कवायत असते. शांत असणारे मूल एकाएकी डोके आपटायला लागले, तर कान, दात आणि बद्धकोष्ठ तपासून घ्यावे. दुखते हे सांगता न येणाऱ्या मुलाचे दुखणे असेच बाहेर पडते. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाण जास्त असते, म्हणून क्षणभर शून्यात हरवण्याच्या वेळाही त्याच वहीत लिहाव्यात.

उपचार आणि उपचारांच्या नावाखालचा बाजार

उपयोग होतो तो वाचा-उपचाराचा, रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या व्यवसायोपचाराचा (पालकांच्या भाषेत ओटी), विशेष शिक्षकांच्या मदतीचा आणि सर्वांत जास्त पालकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा, कारण मूल आठवड्यातले काही तास थेरपीत असते आणि उरलेले सगळे घरी. केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारावेत: पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट काय, मला सत्रात बसता येईल का, आणि मूल नको म्हणाले तर तुम्ही काय करता. दार लावून घेणाऱ्या केंद्रातून परत फिरावे. उद्दिष्ट "शांत बसेल" असे असेल, तर ते मुलासाठी नाही; "स्वतः शौचाला जाईल", "दुखते ते दाखवेल" हे मुलासाठी आहे. वर्तन-उपचारांतून गेलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी त्यातल्या जबरदस्तीविषयी तक्रार केली आहे, तीही कानाआड करू नये.

स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्रझोल ही औषधे तीव्र चिडचिडीसाठी दिली जातात; त्यांनी वजन वाढू शकते, त्यामुळे ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत. स्टेम सेलच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांतही येतात आणि लोक शेत विकून लाखो रुपये भरतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी किलेशन थेरपी तर जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००५ मध्ये त्यातून पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. गहू-दूध बंद करण्याआधी आहारतज्ज्ञाला विचारावे, कारण या मुलांचे खाणे आधीच पाच-सहा पदार्थांवर आलेले असते. नवस, अंगारा यांनी कोणाला बळ मिळत असेल तर मिळो, पण त्यासाठी थेरपीचा वार चुकवू नये.

शाळा

शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. तरीही भांडणाने सुरुवात करण्यापेक्षा वर्गशिक्षिकेला एक पान लिहून द्यावे: याला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास व्हायच्या आधी काय दिसते, तेव्हा काय करावे. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना एवढेच वाचायला वेळ असतो. दाराजवळची जागा, पंख्यापासून दूर बाक, फळ्याच्या कडेला दिवसाचा क्रम आणि घंटेआधी दोन मिनिटे सूचना, यासाठी पैसे लागत नाहीत. दहावी-बारावीला लेखनिक आणि दर तासाला वीस मिनिटे वाढीव वेळ मिळू शकतो, पण त्याची कागदपत्रे नववीतच तयार ठेवावीत. ज्यांना नेहमीची शाळा झेपत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे.

न सांगता निघून जाण्याची सवय असलेल्या मुलांची विशेष काळजी घ्यावी. त्यांतली बरीच पाण्याकडे ओढली जातात. विहीर, टाकी, नदीकाठ जवळ असेल, तर पोहायला शिकवणे हे अभ्यासाइतके महत्त्वाचे समजावे. मनगटावर फोन नंबर असावा, आणि वॉचमन, किराणा दुकानदार, रिक्षा स्टँडवरचे काका यांना मुलाची ओळख करून द्यावी.

वयात येताना आणि त्यानंतर

शरीरातल्या बदलांची तयारी नवव्या-दहाव्या वर्षीच, चित्रांसह आणि अवयवांची खरी नावे घेऊन करावी. कपडे कुठे बदलायचे, दार केव्हा लावायचे, अंगाला कोणी हात लावू शकते आणि कोणी नाही, हे नियम मोजके आणि पक्के असावेत. मुलीला पॅड लावण्याचा सराव पाळी सुरू होण्याआधीच करून घ्यावा, म्हणजे त्या दिवशी रक्ताबरोबर पॅडचा नवा स्पर्शही सोसावा लागत नाही. इतकी वर्षे चालून गेलेली मिठी अठराव्या वर्षी चालत नाही, म्हणून ती आठव्या वर्षीच हस्तांदोलनात बदललेली बरी.

अठरा वर्षे पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, आणि हे अनेकांना बँकेच्या खिडकीवर उभे असताना कळते. ज्याला खरोखरच गरज आहे, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ज्याला थोड्या मदतीने स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याचे निर्णय काढून घेऊ नयेत. भावंडांना गृहीत धरू नये. "आमच्यानंतर ताई बघेल" हे ताईला विचारून ठरवावे.

काही माणसांना आपल्या मुलाचे निदान होताना, वयाच्या चाळिशीत, स्वतःविषयी उलगडा होतो. त्यांना प्रौढांच्या निदानाचा अनुभव असलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे जाता येते. स्वमग्न सहकाऱ्यासोबत काम करताना सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवावेत, बसायची जागा वारंवार बदलू नये आणि "जमलं तर बघ" असे न म्हणता तारीख सांगावी. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न व्यक्तींना नोकरीत घेण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच्या सुरुवातीच्या ठिकाणांत भारतही होता. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी असलेल्या चार टक्के जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांसाठी मिळून आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते काढायचे की नाही, आणि कार्यालयात कोणाला सांगायचे, हे त्या व्यक्तीने स्वतः ठरवावे.